वडिलांचा आवाज आणि पुजलेलं मशीन

चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्याच्या जागेवर फ्लॅटची स्कीम यायचं ठरलं आणि माझ्या टेबलाखालचं वर्कस्टेशन, म्हणजे ड्रॉइंगचा मोठा कॉम्प्युटर, भंगारात निघालं. ज्याच्यावर साच्यांची ड्रॉइंग काढण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, ते भंगारवाल्याच्या काट्यावर जाणार हे मला बघवेना. साहेबांना विचारून मी ते रिक्षात घातलं आणि पुंडलिकनगरला घरी आणलं. बायको म्हणाली, घरात पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे धूड कशाला? देवघराशेजारी प्लग मोकळा होता, म्हणून ते तिथंच बसवलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये वडिलांचं स्वरयंत्र काढावं लागलं आणि आवाज कायमचा गेला. माझी मुलगी त्यानंतरची, तिनं आबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आणि तो आवाज काही साधा नव्हता. लासूर स्टेशनच्या अडतीत लिलाव पुकारून तयार झालेला गळा! श्रावणात ते पोथी वाचायला बसले की माईकशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. त्या वाचनाचं सगळं रेकॉर्डिंग एका जुन्या हार्डडिस्कवर होतं आणि ती डिस्क आता करकरत होती. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदारानं बजावलं होतं, चालू आहे तोवर काढून घ्या, एकदा थांबली तर परत फिरेलच असं नाही.

मी वर्कस्टेशनमध्ये दोन नव्या डिस्क बसवल्या. एकीवर काही लिहिलं की दुसरीवरही तेच उतरायचं आणि घरातल्या कुठल्याही मोबाइलवर ते ऐकता यायचं. त्याहून नवल म्हणजे लिहिलेला प्रत्येक तुकडा धड आहे की नाही, हे मशीन स्वतःच तपासायचं. साचे काढणारं ते हेच का, म्हणून मी बघतच राहिलो.

जुनी डिस्क जोडली आणि कॉपी सुरू झाली, पण गोगलगाईच्या चालीनं. त्या दिवशी खंडेनवमी होती. सगळं उतरलं की वडिलांना एकदम ऐकवायचं, म्हणून मी कुणाला काही बोललो नाही आणि झेंडूची फुलं आणायला बाहेर पडलो.

परत आलो तर मशीन गप्प होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, समोर सुपारी ठेवलेली होती आणि भिंतीवरचं बटण बंद होतं. आमच्याकडं खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवत नाहीत. वडिलांनी मोठ्या मानानं पूजा करून त्याला विश्रांती दिली होती. त्यांच्यावर कुठल्या तोंडानं रागवायचं? डिस्कवर काय होतं ते मी सांगितलं. त्यांनी मशीनवर हात ठेवला.

पुजलेलं मशीन मध्येच चालू करायला माझंही मन धजेना. दसऱ्याला बटण दाबलं. जुनी डिस्क टकटक करत राहिली, फिरली मात्र नाही. दुकानदारानंही हात टेकले. सगळं पोथीवाचन गेलं, आणि मला रडू आलं.

मशीननं मात्र आपलं काम चोख केलं होतं. बंद व्हायच्या आधी जे आत आलं होतं ते त्यानं तपासलं आणि एक फाइल धडधाकट असल्याचं दाखवलं. ती दुष्काळाच्या सालातली मोबाइलवरची छोटी क्लिप होती. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेव्हाची. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती मोबाइलवरून मोठ्या स्पीकरवर लावली.

पोथी रंगात आली होती. मध्येच वाचन थांबलं आणि तोच खणखणीत आवाज घरभर घुमला, "नळ आलाय! उठा समदे, मोटार लावा. देव थांबल, नळ नाय थांबायचा."

शोकेसमधले पेले किणकिणले. माझ्या अंगावर काटा आला. बायको हसता हसता डोळे पुसू लागली. पोरगी एकदा मोबाइलकडं बघायची, एकदा आबांकडं. त्यांनी मान हलवली, व्हय, मीच तो.

तिनं क्लिप परत लावली, मग परत. शेवटी म्हणाली, "आबा, याला माझं नाव घ्यायला सांगा ना."

वडिलांनी तिला समोर उभं केलं, तिची हनुवटी धरली आणि नुसत्या ओठांनी, सावकाश, तिचं नाव घेतलं.

तिनं ओ दिली.