आर्सेनियोचा चालू ठेवलेला फोन

सिउदाद देल एस्ते शहराच्या बाजारात देओनिल्दाची फोनदुरुस्तीची टपरी आहे. तिचा स्वतःचा फोन जुना, जाडजूड. मागचं झाकण नखानं निघतं, बॅटरी हातात येते. आत काय चालावं हे तीच ठरवते. गिऱ्हाइकं चिडवतात, "बाई, यावर मासे तळतेस का?" थंडगार तेरेरेचा घोट घेत ती म्हणते, "तळते. पण कधी तळायचे ते हा मला विचारून ठरवतो."

तिचा भाऊ आर्सेनियो एका मालवाहतूक कंपनीत ड्रायव्हर होता. फोन कंपनीनं दिलेला. चकचकीत, पाठ चिकटवून बंद केलेली, सिमसुद्धा काढता न येणारं. सुनसान रस्त्यावर तो आईसाठी गुआरानीत, त्यांच्या घरच्या भाषेत, गाणी म्हणून त्यात साठवायचा आणि रविवारी घरी ऐकवायचा. ती गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती.

अपघातात तो गेला, फोन वाचला. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. कंपनीच्या हातापाया पडून फोन उघडून घेऊ, तोवर तो बंद ठेवू, असं देओनिल्दाचं म्हणणं. चालू फोनला कंपनीकडून सगळं पुसायचा हुकूम पोचू शकतो, हे तिनं आईला परोपरीनं सांगितलं. पण नऊ दिवसांच्या प्रार्थनेत मृतापुढचं काही विझू द्यायचं नसतं. आईनं फोन चार्जर लावून मेणबत्त्यांशेजारी ठेवला.

"उद्या मेणबत्त्याही विझव म्हणशील," ती म्हणाली.

शेवटच्या संध्याकाळी जपमाळ अर्ध्यावर आली असताना फोन आपोआप उजळला. जवळ कुणीच नव्हतं. पडद्यावरचा आर्सेनियोचा चेहरा गेला. काळ्यावर एक पांढरी रेघ सावकाश पुढे सरकू लागली. जपाला बसलेल्या बायकांनी प्रार्थनेचा आवाज चढवला.

देओनिल्दानं ती रेघ टपरीवर कितीदा पाहिली होती. कंपनी फोन पुसत होती. तिनं झेपावून बटण दाबून धरलं. फोननं दाद दिली नाही. बॅटरीपर्यंत पोचायची हत्यारं टपरीत होती.

आईनं तिचं मनगट पकडलं. "हात काढ. तो येतोय."

रेघ भरली. पडदा काळा झाला. मग पांढऱ्या अक्षरांत नमस्कार उमटला. आधी स्पॅनिशमध्ये, मग पोर्तुगीजमध्ये, मग कुणालाच न वाचता येणाऱ्या लिपीत.

"हाक मारली बघ," आई म्हणाली. "आता गा म्हणावं त्याला."

फोन भाषा विचारत होता.

"गुआरानी लाव, पोरी. त्याला तीच गोड वाटते."

देओनिल्दानं बोटानं यादी तळापर्यंत नेली. गुआरानी त्यात नव्हती. आई बघत होती, म्हणून तिनं यादी पुन्हा वरून सुरू केली.