सहा पदरी टायर, पाच पौंड हवा

नव्या रबराचा वास मोठा हट्टी असतो. पुण्याहून आलेले चार टायर आमच्या सोप्यात एकावर एक रचून ठेवले मात्र, त्या घटकेपासून घराचा ताबा त्या वासानं घेतला. देवघरातल्या उदबत्तीला त्यानं निष्प्रभ केलं, स्वयंपाकघरातल्या लसणाच्या फोडणीलाही दाराशीच अडवलं. उग्र, किंचित कडवट, तापलेली डांबरी सडक आणि कोरी चप्पल यांच्या मधला कुठला तरी तो गंध! दोन दिवस मी त्या वासात वर्तमानपत्र वाचलं, त्या वासात जेवलो, आणि दुपारी डोळे मिटून पडलो की तोच वास उशाशी येऊन बसे. सुगंधानं मन प्रसन्न होतं, दुर्गंधानं ते विटतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण एखादा वास माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

टायर होते माझ्या मुलीच्या, गिरिजाच्या गाडीचे. ही गाडी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण सोलापुरात ती घेऊन निघालो की अजूनही लोक वळून बघतात. मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यासारखी बैठक आणि खाली चार जाडजूड, ठेंगणी चाकं. छप्पर नाही, दारं नाहीत. एटीव्ही म्हणतात तिला, आणि त्यातही ही शर्यतीच्या घडणीची, बुटकी, रुंद आणि चपळ. आठवडाभर टॉवेलच्या कारखान्यात नक्षीचे नमुने बनवणारी माझी शांत मुलगी रविवारी होटगीच्या पुढे, आमच्या शेतालगतच्या माळावर ही गाडी अशी काही पळवायची, की बांधावर उभ्या असलेल्या माझ्या काळजाचं पाणी व्हावं आणि त्याच काळजाला अभिमानही वाटावा! गेल्या माघात, ज्या उतारावरून ती शंभरदा उतरली असेल, त्याच उतारावर गाडी घसरली, उलटली आणि गिरिजाचं खांद्याचं हाड मोडलं. हाड दीड महिन्यात सांधलं. आत आणखी काही मोडलं होतं, ते मात्र सांधेना. "अप्पा, माझा अंदाजच गेला हो. हात चुकला माझा," एवढंच ती म्हणायची. गाडीवर चादर पडली ती पडलीच. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घातला तोही माझ्या बायकोनं, शैलानं. अखेर कार्तिकात गिरिजानं गाडी विकायला काढली. वैरागचे एक व्यापारी ती न्यायला रविवारी येणार होते. गिरिजाची अट एकच होती, की झिजल्या टायरांवर गाडी कुणाच्या हाती द्यायची नाही. मी पडले तेवढं पुरे, असं ती म्हणाली.

आता माझं सांगतो. ती पडली त्या दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, मी सहज त्या गाडीचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं होतं. मऊ लागलं. दुसरं दाबलं, तेही मऊ. बापाचं मन! सायकलचा टायर मऊ लागला की पंप आणायचा, स्कूटरचा लागला की हवा भरायची, हेच आयुष्यभर केलेलं. गाडी ट्रॉलीवर चढवून शेताकडे नेताना मी वाटेत थांबलो, हवा भरणाऱ्याला मोठ्या ऐटीत म्हणालो, "चारही चाकं टणक करा," आणि त्यानं तीस पौंड भरून दिली. गिरिजा मागून स्कूटरवर येत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. गाडी आज उसळतेय, असं ती माळावर दोनदा म्हणाली, आणि तिसऱ्या फेरीला उलटली. चार दिवसांनी गाडीवरचा चिखल पुसताना मडगार्डवरचं पिवळं लेबल माझ्या नजरेला पडलं. या गाडीला पाच पौंडांच्या आसपासच हवा लागते, असं त्यावर छापलेलं होतं. मऊपण हाच त्या चाकांचा गुण; मऊ असतात म्हणून ती जमिनीला बिलगतात, टणक केली की चेंडूसारखी उडतात. आणि मग मी काय केलं, ते लिहितानाही लाज वाटते. घरात कुणी नाही असं पाहून एका दुपारी चारही चाकांची हवा सोडून दिली.

छत्तीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली, आणि स्वतःची एक चूक तोंडातून बाहेर काढता येईना! किती वेळा वाटलं, आता सांगावं. जेवताना वाटलं, दवाखान्याच्या बाकावर वाटलं, ती चादर झटकून पुन्हा गाडीवर पांघरायची तेव्हा तर फार वाटलं. पण सांगितलं तर ती पुन्हा माझ्या हातचं पाणी तरी विश्वासानं पिईल का? आणि न सांगावं तर ती उरलेलं आयुष्य आपल्याच हातांवर संशय घेत काढणार. आई मूल नऊ महिने पोटात ठेवते, मी पाप ठेवलं. शैला मला म्हणे, हल्ली तुम्ही फार गप्प असता, आणि मी वयावर ढकलून मोकळा होई.

टायर निवडायला गिरिजाबरोबर मीच गेलो. दुकानदारानं मोबाइलवर चित्रं दाखवली आणि नमुन्याचे दोन टायर समोर मांडले. एकाचे खुंट बोटाच्या पेराएवढे खोल, दूर दूर रोवलेले. दुसऱ्याचे आखूड आणि दाट. माझं बोट आपोआप पहिल्याकडे गेलं. आमचे वडील अक्कलकोटच्या बाजारात बैल पारखायचे. कानडीत म्हणायचे, "हल्लू नोडु," म्हणजे दात बघ. शिंगं रंगवता येतात, कातडी तेलानं चमकवता येते, पण दात वय लपवत नाहीत. त्यांच्या बोटाला धरून मी दोनदाती, चारदाती, पुऱ्या दातांचा म्हणजे जुळलेला अशा बैलांच्या जबड्यांत डोकावत मोठा झालो. तेव्हा टायरमध्येही मला दातच दिसले. "हा घे," मी ठासून सांगितलं, "तरणा आहे. त्याचे दात बघ की!"

गिरिजा कितीतरी दिवसांनी हसली. "अप्पा, बैलाचे दात बघायचे असतात. टायरला जमीन दाखवायची असते," ती म्हणाली, आणि मला समजावू लागली. खोल दातांचा टायर चिखलाचा. कोकणात तो राजा. आपला माळ म्हणजे वर्षातले नऊ महिने खडखडीत मुरूम, त्यावर ते लांब दात वाकतात आणि गाडी हिंदकळते. आपल्याला आखूड, दाट खुंटांचाच हवा, आणि बाभळीचे काटे आहेत म्हणून सहा पदरी, म्हणजे आत सहा थरांचा. चारही एकदम बदलायचे, डावा आणि उजवा एकाच उंचीचे घ्यायचे. ती बोलत होती आणि तिचे डोळे चमकत होते. गाडी विकायला निघालेली माणसं अशी बोलतात का हो? किती नेमकं जाणत होती ती आपली भूमी! मी जन्मभर या काळ्या रानाची आणि पांढुरक्या माळाची वर्णनं शिकवली, पण मुरूम कुठं सुटा आहे आणि कुठं घट्ट, हे तिच्या तळव्यांना ठाऊक होतं. अशा मुलीचा अंदाज चुकला, असं तिला वाटू देणारा मी! टायर पुण्याहून मागवायला सांगून परतताना रिक्षात मी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो.

शनिवारी सकाळी गाडी आणि टायर घेऊन आम्ही सिद्राममामांकडे गेलो. होटगी रस्त्याला त्यांचं टायरचं दुकान, मागे मोकळा माळ. हयात ट्रक आणि ट्रॅक्टरच्या चाकांत गेलेली. दंड असे, की टायरनंच घाबरावं. आमची चाकं बघून ते खुशीत आले. "ही चाकं हायत का डोनट, सर?" म्हणाले आणि कामाला लागले. जुना टायर लिव्हरनं उचकटला, रिंगेचा गंज घासला, नव्या टायरच्या कडेला साबणाचं पाणी फासलं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो गिरिजानं प्रत्येक वेळी बोटानं दाखवला आणि मामांनी प्रत्येक वेळी "दिसतंय की मला, बाई" असं म्हटलं. मग हवेची नळी लावली. कड रिंगेत चपखल बसायची तर आधी हवा जास्तच द्यावी लागते. ती फट्कन बसली, आवाज झाला, आणि मामांनी नळी तशीच धरून ठेवली. ट्रकची सवय! टायर फुगत चालला, तुकतुकीत होत चालला, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो उतार उभा राहिला.

"सोडा! सोडा हवा! पाच, पाचच पौंड!" मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, धावत जाऊन ती नळी मी मामांच्या हातातून हिसकावली. आयुष्यात कुणाच्या हातातली वस्तू मी अशी ओढली नव्हती.

मामा चकित झाले. "लई कमी हुतीय की सर. पाच पौंडात गाडी चालंल कुटं?" गिरिजा मात्र मामांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "अप्पा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला हवेतलं कधीपासून कळायला लागलं?"

आणि मी सांगितलं. तिथेच, साबणाच्या पाण्यात उभा राहून, नळी हातात धरून. अंगठ्यानं दाबलेलं चाक सांगितलं, तीस पौंड सांगितले, पिवळं लेबल सांगितलं, दुपारी चोरासारखी सोडलेली हवाही सांगितली. एकेक शब्द जिभेवर खड्यासारखा येत होता. ती ओरडेल, रडेल, निघून जाईल, अशी सगळ्याची तयारी मी नऊ महिने केली होती. तिनं आपले दोन्ही तळवे वर धरले आणि ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता," ती म्हणाली.

"नाही ग बाळा. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

मग ती रडली, आणि रडता रडता हसली! माझा अपराध तिच्या कानांवर पडला तो जणू निर्दोष सुटल्याचा निकाल होऊन. जे ऐकून ती मला परकी होईल म्हणून मी झुरत होतो, त्याच वाक्याची ती इतके दिवस वाट पाहत होती. केवढा मूर्ख मी! राग आला तिला, नाही असं नाही. पण तो नंतर आला आणि वेगळ्याच गोष्टीचा आला. "हवा भरलीत ते जाऊ दे. पण नऊ महिने? मी रोज तुमच्यासमोर जेवत होते, अप्पा!" सिद्राममामांनी मध्येच पाण्याचा तांब्या पुढे केला. "पानी प्या आदी. बापाला कळत न्हाय ते लेकीनं शिकवायचं असतंय," असं म्हणून ते दुसऱ्या चाकाकडे वळले.

चारही चाकं बसली. गिरिजानं आपल्या छोट्या मापकानं प्रत्येकाची हवा स्वतः मोजली, मग मला मोजायला लावली. हेल्मेट चढवलं, बैठकीवर पाय टाकला आणि मागच्या माळावर गाडी घातली. पहिली फेरी सावध, दुसरी मोकळी. तिसरीला ती एका खोंगळीच्या, पावसानं खणलेल्या घळीच्या काठावर क्षणभर थांबली. मग ती उतरली, सरळ, संथ, आणि पलीकडून वर आली. मी एकदम बाकावर बसलो. इतकं बरं वाटत होतं की मला कुणी उठवू नये, असं वाटलं. मामा गाडीकडे पाहून म्हणाले, "व्हय, चालतीय की पाच पौंडात!"

"वैरागवाल्यांना काय कळवू?" ती परत आल्यावर मी विचारलं.

"गाडी विकायची नाही म्हणा." हेल्मेटचा पट्टा सोडत ती म्हणाली. "आणि का म्हणून विचारलं, तर खरं सांगा."

तिथूनच फोन लावला. त्यांनी अर्थातच विचारलं, आणि मी एका अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. या वेळी शब्द अडले नाहीत. ते चिडले असावेत, असं मला वाटलं.

"सर," ते म्हणाले, "आमच्या धाकट्या भावाकडं असलीच एक गाडी हाय. आज सकाळीच मी तिच्यात तीस भरून दिलीय. दाबून बघितलं, तर चाकं मऊ लागली हो. ठेवा, ठेवा फोन, तो शेताकडं निघालाय, त्याला गाठतो."

फोन बंद झाला. अर्ध्या तासानं पुन्हा वाजला, तेव्हा तो मी दोन्ही हातांनी उचलला. भाऊ वेशीतच सापडला होता.