पंचफुलाबाईंचा पासपोर्ट

उदगीरच्या तहसीलसमोर लिंबाखाली मी टाईपरायटर घेऊन बसायचो. वारसाचे अर्ज, फारकतीचे कागद, विहिरीच्या तक्रारी, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. परदेशी जाण्याचा फॉर्म मात्र आयुष्यात एकदाच भरला. तो पंचफुलाबाई सोनकांबळे यांचा.

पंचफुलाबाई एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होत्या. वय सत्तावीस, लग्न केलेलं नव्हतं. सायकलवर बॅग बांधून वाड्या-तांड्यांवर बाळंतपणं करायला जायच्या. १९८२ साली त्यांच्या संस्थेनं श्रीलंकेतल्या एका संस्थेशी अदलाबदल ठरवली. तिकडची एक सुईण तीन महिने इकडं येणार, इकडची एक नर्स तिकडं जाणार. निवड पंचफुलाबाईंची झाली.

"तिकडं खेड्यातल्या बायका बाळंतपणात मरत न्हाईत म्हणे, हणमंतभाऊ," त्या मला म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात दोघी माझ्या हातात गेल्या. ते लोक काय करतात, मला बघायचंय."

कागद जमवायला लागलो. जन्माचा दाखला नव्हताच. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक जून घातलेला, तोच खरा धरला. दोन प्रतिष्ठितांच्या सह्या, चार फोटो, लंकेहून आलेलं बोलावण्याचं पत्र. सगळं तयार झालं आणि ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला. सगळ्या कागदांवर मी 'जिल्हा उस्मानाबाद' टाईप केलेलं. खाडाखोड चालणार नव्हती, म्हणून दोन दिवस बसून सगळं पुन्हा काढलं. पंचफुलाबाई शेजारी बसून कार्बन लावून देत होत्या, आणि मला 'लातूर' टाईप करताना बघून हसत होत्या. "आपुन जाग्यावरच राहिलो आन् जिल्हाच निघून गेला की वो."

कायमच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी बिलोलीजवळचं आपलं गाव सांगितलं. तिथं त्यांची आई सरजाबाई एकटी राहायची.

मी म्हणालो, "चौकशीला जमादार तिकडं जाईल बरं. आईला सांगून ठेवा."

"सांगते."

त्यांनी सांगितलं नाही. समुद्रापलीकडं म्हटलं की माय अन्न सोडेल, आठ दिवस आधी सांगू, असं त्यांच्या मनात होतं. हे मला फार नंतर कळलं.

नोव्हेंबरात जायचं होतं. ऑक्टोबरात मुंबईहून पत्र आलं. दिलेल्या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही, असा पोलिसांचा अहवाल आहे. सबब अर्ज थांबवला आहे. पंचफुलाबाई पत्र घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही संगं चला. ठाण्यात काय बोलायचं मला न्हाई कळत."

देगलूरमार्गे एसटीनं गेलो. आधी गावात गेलो. सरजाबाई दारातल्या गवती सपराच्या सावलीत तुरी निवडत होती. लेकीला बघून उठली, तांब्याभर पाणी आणलं.

"माय, पोलीस आलता का हितं?"

सरजाबाईनं आधी माझ्याकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "आलता. पंचफुला सोनकांबळे हितं ऱ्हाते का म्हनला. म्या म्हनलं, अशी कुनी न्हाई हितं."

"न्हाई म्हनलीस? माझं नाव घेऊन इचारलं आन् तू न्हाई म्हनलीस?"

"तुज्या बापाच्या येळंला हाव म्हनले व्हते, पंचे."

 बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरीवर पाण्यावरून तंटा झाला होता. दुसऱ्या दिवशी जमादार दारात आला, गोविंद सोनकांबळे इथंच राहतो का म्हणाला. सरजाबाई हो म्हणाली आणि खडीच्या कामावरून नवऱ्याला बोलावूनही आणलं. महिनाभरानं तो कोठडीतून सुटला तो खोकत आला, आणि वर्षात गेला. पुढं त्याच खडीवर एकटीनं घण घालून तिनं लेकीला नर्सिंगपर्यंत नेलं.

हे सगळं पंचफुलाबाईंना माहीत होतं. तरी परदेशी जाणं अडल्याचं सांगून त्या बोलायचं ते बोलल्या. "तू आडानी ऱ्हायलीस ती ऱ्हायलीस, मलाबी हितंच पुरलीस."

 तांब्या तसाच भरलेला राहिला. आम्ही बिलोलीच्या ठाण्यात गेलो. साहेब भला माणूस होता, पण मुंबईहून नवा आदेश आल्याशिवाय चौकशी परत होणार नव्हती. नोव्हेंबर निघून गेला.

ठरल्याप्रमाणे जानेवारीत तिकडची सुईण आली. सोमावती तिचं नाव. पन्नाशीची, पांढरीशुभ्र साडी नेसणारी, मोडक्या इंग्रजीत भरभरून बोलणारी. दोघी सायकलवर डबल सीट हिंडायच्या. एकदा माझ्यासमोरच तिनं विचारलं, तुझी आई कुठं असते, मला भेटायचंय तिला. पंचफुलाबाई म्हणाल्या, "लांब असते." बिलोली एसटीनं एका सकाळची वाट. पण ऑक्टोबरापासून त्या गावाला गेल्याच नव्हत्या.

जूनमध्ये पासपोर्ट आला. मी पेढे मागितले, त्यांनी दिले. जुलैत श्रीलंकेत दंगली पेटल्या आणि संस्थेनं ती योजनाच बंद केली. पासपोर्ट दहा वर्षं कोराच राहिला आणि मुदत संपली.

दंगलींच्या पुढच्या वर्षी कोर्टाच्या कामानं मी देगलूरला गेलो, तिथं बिलोली ठाण्याचा मारोती जमादार भेटला. दुसऱ्या चौकशीचा कागद त्याच्याकडंच आला होता.

"मला जावंच लागलं न्हाई त्या गावाला," तो म्हणाला. "म्हातारीच येऊन बसली ठाण्यात. कागद यायच्या आधीपासून. दर सोमवारी यायची, चालत. पायरीवर बसायची. आत या म्हनलं तर थरथर कापायची. कागद आला त्या दिवशी म्हनली, पंचफुला माझी लेक हाय, म्या खोटं बोलले व्हते, मला धरा पर तिला जाऊ द्या. अंगठा दिला आन् गेली."

उदगीरला उतरल्यावर मी घरी न जाता दवाखान्यात गेलो आणि हे सांगितलं. पंचफुलाबाई हातातली पट्टी तशीच टाकून स्टँडवर गेल्या.

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली आल्या. मी विचारलं, "काय म्हणाली आई?"

"जेवून जा म्हनली."

"आणि तुम्ही?"

"जेवले. आले."

त्यानंतर त्या दर महिन्याला गावाला जाऊ लागल्या. औषधं नेत, लुगडं नेत. माफीचा शब्द दोघींच्यात कधी निघाला नाही. सरजाबाई सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गेली. पंचफुलाबाईंनी पुढं पंचवीस वर्षं नोकरी केली, सोमावतीनं शिकवलेलं कितीतरी मुलींना शिकवलं. लंकेचं नाव मी काढलं तर हात झटकायच्या. आईचं काढलं तर मात्र थांबायच्या.

"त्या दिवशी जेवताना दोनदा तोंड उघडलं व्हतं, भाऊ," एकदा म्हणाल्या. "दोन्ही बारीला मायनं भाकरच वाढली."