वस्तादांचा साडेदहाचा चमचा

आमच्या इस्पितळात एके काळी बातमी होती, की कँटीनचे वस्ताद रोज सकाळी साडेदहाला कोठीच्या खोलीत दार लोटून हजेरीच्या बाईंना स्वतःच्या हाताने चमच्याने भरवतात. आणि बाई डोळे मिटून घेतात. बातमी आणली एक्स-रेवाल्याने. ज्याचा धंदाच माणसाच्या आतलं बघायचा, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? डोळे मिटण्याचं तेवढं जिना चढता चढता कोणीतरी पदरचं घातलं असेल, असं मला वाटलं होतं. पण तेही खरं निघालं.

बातमी चविष्ट लागायचं कारण म्हणजे त्या दोघांचा उभा दावा. बाई मस्टर सांभाळायच्या. पाच मिनिटं उशीर झाला की लाल पेनाने फुली, मग तो झाडूवाला असो की सर्जन. म्हणून त्यांचं नाव फुलीबाई. कँटीनच्या भिंतीला दोरीने बांधलेल्या तक्रारवहीत लिहिणारं सबंध इस्पितळात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ह्या बाईच. भात चिकट. भाजी कच्ची. खाली सही, तारीख, वेळ. वस्ताद ते पान वाचायचे आणि दुपारभर भांडी आपटायचे.

आता वस्ताद. तीस वर्षं त्यांनी मीठ मोजलं नव्हतं. तळहातावर रश्श्याचा थेंब घ्यायचा, चाटायचा, क्षणभर छताकडे बघायचं आणि मूठ सोडायची. अचूक. कसं झालंय, असं त्यांनी आयुष्यात कोणाला विचारलं नाही. सूर्याने कोणाला विचारावं का, उजेड बरा पडलाय ना म्हणून? घरी मात्र उलट. तिथे ते जेवायला बसायचे ते बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, स्वयंपाकाचं पोस्टमॉर्टेम करायलाच. मीठ पुढे, तिखट मागे, फोडणी करपट. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि वाढायच्या.

मग वस्तादांना ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. परतल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी थेंब चाटला. काही नाही. एक मूठ सोडली, चाटला. काही नाही. चौथ्या मुठीला डबा रिकामा झाला म्हणून थांबले. त्या दुपारी, सगळ्यांना मीठ सोडा म्हणून बजावणारे मोठे डॉक्टर एका दमात तीन ग्लास पाणी प्यायले. बाकीच्यांनी वस्तादांच्या तोंडावर, आज काहीतरी वेगळंच जमलंय, असं म्हटलं आणि ताटं मोरीत उपडी केली. वहीत मात्र एक ओळ पडली: "आज मिठात रस्सा कमी पडला."

वस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला तीन वर्षं होती. कंबर धरलेल्या हमालाला इस्पितळ दारावर बसवतं, पण जीभ गेलेल्या स्वयंपाक्याचं काय करणार? आणि कँटीन सोडून हा माणूस करणार तरी काय? घरी बसून वहिनींच्या फोडण्या मोजणार? संध्याकाळभर ते त्या ओळीसमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी टोपी हातात धरून फुलीबाईंच्या टेबलाशी गेले. तीस वर्षांत प्रथमच.

"बाई," ते म्हणाले, "तुमची तक्रार बरोबर होती."

फुलीबाईंनी आधी मस्टर मिटलं, मग दार. पेनाला टोपण लावत त्यांनी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

पुढचं बोलणं आम्हाला कळलं नाही. आम्हाला कळलं ते साडेदहाचं, आणि तेवढ्यात आमचा महिना मजेत गेला. रस्सा पुन्हा झकास होऊ लागला. आम्ही म्हणायचो, प्रेमात माणसाचा हात सुधारतो.

बातमी वहिनींपर्यंत जायला तीन महिने लागले. पण संशय त्यांना आधीपासूनच होता. त्याचं कारण असं, की वस्तादांनी घरच्या जेवणाला नावं ठेवणं बंद केलं होतं. पान वाढलं की मुकाट्याने जेवायचे. एकदा वहिनींनी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी जेवले. तीस वर्षं खोट काढणारा नवरा गप्प जेवतो, म्हणजे बाहेर काहीतरी आहेच. दुसरंही एक कारण त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, पण त्यावर विश्वास ठेवायची त्यांची छाती झाली नाही.

एका दुपारी, कँटीन भरलेलं असताना, त्या तिथे जेवत असलेल्या फुलीबाईंच्या टेबलासमोर थेट येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, माझ्या नवऱ्याला असं काय घातलंत, की घरचं सगळं त्याला चालायला लागलं?"

चमचे थांबले. एक्स-रेवाला तर खुर्चीवरून अर्धा उठला. आणि मोठ्या डॉक्टरांनाही फुली मारणारी ती बाई, जिच्या जिभेला आजवर कोणी लगाम घातला नव्हता, ती मान खाली घालून भात कालवत राहिली. एका वाक्यात सुटली असती. पण त्याच वाक्यात वस्तादांचं कँटीन गेलं असतं.

वस्तादांनी ते पाहिलं. पळी खाली ठेवली आणि बाहेर आले.

"मला चव लागत नाही," ते म्हणाले. "तीन महिने झाले. तुम्ही बोटं चाटून खाता ते बाईंच्या जिभेवर."

मग मोठ्या डॉक्टरांनी आपल्या वाटीत पाहिलं आणि विचारलं, "हा आजचा रस्सा बाईंनी पास केलाय?"

"हो."

"मग आणखी एक पळी वाढा."

नोकरीचा निकाल तिथेच लागला. पण वहिनींचा नव्हता लागला. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझा स्वयंपाक सुधारला नव्हता?"

वस्ताद उघडे पडल्यासारखे उभे होते. "मला काय माहीत?" ते म्हणाले. "तूच सांग, कसा होतो?"

"चांगला होतो," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून होता."

पुढे चव अर्धीमुर्धी परत आली. पण विचारायची सवय गेली नाही. ताट पुढे आलं की मीठ कसंय म्हणून विचारायचे, आणि उत्तर ऐकूनही घ्यायचे. सल्ले देऊन देऊन शेवटी आम्हीच थकलो. घरी तर आधी वहिनींना विचारूनच घास तोंडात घालायचे.

बातमीतलं खरं एवढंच: वस्ताद बाईंना रोज एक चमचा रस्सा द्यायचे आणि बाई मीठ कमी की जास्त ते सांगायच्या. डोळे मिटायच्या, कारण रस्सा गरम असायचा.