चौघांना लागलेला अर्ज

मला आजही कुणी "तुझं इंग्लिश छान आहे गं" म्हटलं की डोकं फिरतं. छान असायलाच पाहिजे. फार महाग पडलंय ते मला.

ऐंशीच्या दशकातली, घाटकोपरच्या आमच्या चाळीतली गोष्ट. संपानंतर वडिलांची गिरणी उघडलीच नाही. बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे, कुठे जायचं नसताना. मी मराठी शाळेत शिकून बी.कॉम. झाले होते. टायपिंगचा वेग बरा होता, पण इंग्रजीच्या नावाने बोंब. घरात कमावतं कुणी नव्हतं, त्यामुळे मला नोकरी लागणं एवढी एकच गोष्ट घरात उरली होती.

चाळीत नोकरीचे शब्द तेवढे सगळ्यांना पाठ. अप्लाय, इंटरव्ह्यू, प्रोबेशन, कन्फर्म. आणि रिग्रेट, म्हणजे नकाराचं पत्र! "तुमच्याकडे काय आलं?" "रिग्रेट." पोस्टमनसुद्धा पाकीट बघूनच सांगायचा, "ताई, रिग्रेट आहे, सही नको." माझी सतरा झाली होती. एकाही साहेबाला मनापासून वाईट वाटलं नव्हतं आणि खाली सही मात्र 'युवर्स फेथफुली'. कसला फेथ आणि कसलं काय!

तळमजल्यावर एक रिटायर्ड हेडक्लार्क राहायचे. चाळ त्यांना साहेब म्हणायची. सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे, म्हणजे त्यांच्याकडे एक ठरलेला अर्ज होता, तो देऊन उतरवून घ्यायला लावायचे. त्या अर्जावर चाळीतले चौघे लागले होते, म्हणून तो हातगुणाचा. नाव, पत्ता, शिक्षण तेवढं आपलं घालायचं. बाकी एक शब्द हलवायचा नाही. हलवला की गुण जातो, अशी अख्ख्या चाळीची खात्री. चांगले शिकलेसवरलेले लोक आम्ही, आणि अर्जाला अंगारा समजत होतो.

त्या अर्जात एक वाक्य होतं, 'ड्यू टु द अनटाइमली डिमाइज ऑफ माय फादर'. वडिलांच्या अकाली निधनामुळे. ज्याच्यासाठी अर्ज पहिल्यांदा लिहिला, त्याचे वडील खरंच वारले होते. मला डिमाइज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी विचारलं, हे काय? साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते परिस्थितीचं वाक्य आहे. तुझी परिस्थिती वाईट आहे ना? मग असू दे." मला वाटलं, काम सुटणं वगैरे असेल. डिक्शनरी बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही.

अंधेरीच्या एका औषध कंपनीतून बोलावणं आलं. बाबा सोबत निघालेच. बसमध्ये माझी सर्टिफिकेटं मांडीवर घेऊन बसले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मी आत गेले, ते गेटवर थांबले.

आत तिघं होते. मधल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, वडिलांचं कसं झालं? इंग्रजीत. तेवढं मला समजलं. मी म्हटलं, "ड्यू टु स्ट्राइक, सर."

मधल्या साहेबांनी अर्ज खाली ठेवला. मग कडेच्या मॅडम हळूच मराठीत म्हणाल्या, "अरेरे. संपात वारले का गं वडील?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोलून टाकायचं होतं की नाही हो, खाली गेटवर उभे आहेत. पण त्या तिघांच्या चेहऱ्यावर जी दया आली होती ना, ती सतरा रिग्रेटांत मला कुणी दाखवली नव्हती. मी म्हटलं, "हो."

नोकरी लागली. बाबांनी चाळभर पेढे वाटले. तळमजल्यावरच्या साहेबांना जाब विचारायला गेले, तर म्हणतात, "अगं, कोण बघायला जातंय? लागलीस ना?" अस्सा संताप आला! त्यांच्या दारातच मी रडले, आणि त्यांना वाटलं आनंदाने रडतेय. त्यांच्या हिशेबी तो अर्ज आता पाच जणांना लागला होता.

बाबांचं रोज एकच, एकदा येऊन तुझ्या साहेबांचे आभार मानायचेत. मी अंगावर ओरडायचे, "काही यायचं नाही तिकडे!" ते आईला म्हणाले, पोरीला आपली लाज वाटते. मी ऐकलं आणि खुलासा केला नाही. काय सांगणार होते, कपाळ?

सहा महिने झाले. कन्फर्म करायच्या दिवशी ओरिजिनल सर्टिफिकेटं दाखवायची होती आणि मी ती नेमकी घरी विसरले. दुपारी वॉचमनने निरोप पाठवला, गेटवर कुणीतरी आलंय. मी धावत खाली गेले. घामाघूम झालेले बाबा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सर्टिफिकेटं. आणि शेजारी त्याच मॅडम, जेवून परत येताना थांबलेल्या.

"हे कोण गं?"

"शेजारचे काका," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "बरं झालं हो, हिचे वडील गेल्यावर तुमच्यासारखी माणसं आहेत."

मला वाटलं, आता संपलं सगळं. संपावं असंही वाटलं. बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि घरची मालवणी सोडून चांगल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "हो बाई. बाजूच्याच खोलीत राहतो. गिरणीत बरोबर होतो आम्ही. भला माणूस होता." मग बसस्टॉपकडे चालू लागले.

संध्याकाळी घरी आले ती भांडायच्या तयारीतच. त्यांनी शिव्या द्याव्यात, मुस्काटात मारावी, काहीतरी करावं. मी अर्ज, साहेब, मॅडम, सगळं धडाधडा सांगून टाकलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. बाबा शर्ट खुंटीला लावत होते. त्यांनी मागे न वळता मालवणीत विचारलं,

"कन्फर्म केल्यानी मां तुका?"