धुराड्यापाशी वळा

अकोल्याच्या उत्तरेला, अकोट रोडवर शहर संपता संपता आमचं घर आहे. पत्ता कोणालाही विचारा, तो सांगेल, "धुराड्यापाशी वळा." आता धुराडं आहे कुठे? कापसाचं जिनिंग कधीचं बंद पडलं, त्याचं धुराडं पाडलं, तिथे लेआउट पडलं, बंगले उठले, मंगल कार्यालय झालं. वळणाचं नाव मात्र तेच. परवा परवा राहायला आलेले, ज्यांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही, तेही रिक्षावाल्याला बिनधास्त धुराडंच सांगतात.

एकटे बाबा सांगत नसत. ते त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. धुराडं पाडलं त्या दिवशी सकाळपासून समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले, आणि संध्याकाळी एक वीट हातात घेऊन घरी आले. ती वीट अजून आमच्या फाटकाला, ते आपटू नये म्हणून, लावलेली असते. त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी टाकला. कोणी पत्ता विचारला की म्हणत, "पान्याच्या टाकीपासून डाव्या हाताले." टाकी नवी, उंच, दुरून दिसणारी. मी त्यांची मजा घ्यायचो. "बाबा, तुमच्या टाकीले कोन ओळखते? धुराडं म्हना, लोक डोळे मिटून येतात."

"जे हाये ते सांगावं मानसानं," ते म्हणायचे. "जे नाई, त्याच्या भरवशावर कोनाले काहून बोलवावं?"

मागच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून उठताना बाबांच्या छातीत कळ आली. बनियन घामानं चिंब झालं. आई आतल्या खोलीत गोळ्या शोधायला धावली आणि मी अँब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हर नवा होता, बाहेरगावचा.

"अकोट रोडनं या, धुराड्यापाशी डावीकडे."

"कोणतं धुराडं?"

"अरे, अख्ख्या अकोल्याले माहीत हाये!" मी ओरडलो.

तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. "टाकी सांग," ते म्हणाले. "टाकी."

"तुमी गप पडा बरं, बाबा!" मी खेकसलो. माझा स्वभावच तसा. घाबरलो की मी चिडतो. आणि मी टाकी सांगितली नाही.

गाडी येईना. फाटकात उभं राहून राहून पाय भाजले. मग ड्रायव्हरचाच फोन आला, धुराडं काही दिसलं नाही, आता तर दोन्ही बाजूंनी शेतंच लागलीत. तेव्हा कुठे माझ्या तोंडून टाकी निघाली. तो परत फिरला, एका झटक्यात घर सापडलं त्याला. पण रेल्वेपुलाच्या पलीकडे दवाखान्यात पोचेपर्यंत बाबा गेले होते. आधी आणलं असतं तर वाचले असते का, मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. मी त्यावरच दिवस काढत होतो.

सगळे पाहुणे परतले त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "मी आत होती तवा ते काय म्हनत होते रे तुले?"

खरं काही केल्या निघेना. "पानी मांगत होते," मी म्हणालो.

"बाप्पा! आन पानी न पेताच गेले ते?"

त्या दिवसापासून ती रोज सकाळी माठातलं पाणी पेल्यात भरून बाबांच्या फोटोसमोर ठेवायची. नळाला पाणी नसलं, घरात एक कळशीच उरली असली, तरी पहिला पेला त्यांचा. मी ते पाहायचो आणि चपला घालून बाहेर निघून जायचो.

या उन्हाळ्यात एकदा कूलर दुरुस्तीवाल्याचा फोन आईनं घेतला. "धुराड्यापाशी वळा, भाऊ," ती म्हणाली, आणि मी तिच्या हातातून फोन हिसकावला. "टाकी! पाण्याची टाकी विचारत या!" आई माझ्याकडे पाहतच राहिली. मग मला राहवलंच नाही. सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागितलंच नव्हतं, टाकी सांग म्हणत होते, मी त्यांना गप केलं.

ती फोटोसमोरच्या पेल्याकडे वळली. मग म्हणाली, "वर्षभर मी त्यायच्या तहानेले रडली रे."

दुसऱ्या दिवशी तिनं पेला भरला नाही. आता तो मी भरतो.