काजळ नव्हतं ते

ती घटना अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लातूरजवळच्या एका ठाण्यात मी सफाईला होते. बाईची चौकशी असली आणि महिला शिपाई बंदोबस्ताला गेलेली असली, की साहेब मला तिच्याशेजारी बसवत.

त्या सकाळी एका शेजारणीचा फोन आला. सावत्र आईनं चार वर्षांच्या पोरीला मारलंय, दोन्ही डोळे काळे पडलेत. जमादार मायलेकींना घेऊन आले. पोर आईच्या मांडीवर पेंगत होती.

"काजळ पसरलंय साहेब," आई म्हणाली.

साहेबांनी मला पुसायला सांगितलं. मी पदर ओला करून हलक्या हातानं पुसलं. थोडं काजळ निघालं. खालचं जांभळं तसंच राहिलं.

साहेबांचा आवाज बदलला. "डोळ्यांवर कुणी मारलं?"

"कुणीच न्हाई. काल जिन्यावरून पडली. डोकं मागून आपटलं. रडली, मग जेवून झोपली."

"मागून आपटलं तर डोळे काळे कसे?"

तिनं पुन्हा पोरीच्या डोक्यामागं बोट दाखवलं. मलाही कळेना. मारलं असतं, तर तोंडावर पडली असं सांगितलं नसतं का? आणि मारलं नसेल, तर हे डोळे कसले?

पोरीच्या एका नाकपुडीतून पाणी गळत होतं. "सर्दी हाय," आई म्हणाली. तेवढ्यात पोरीला उलटी झाली. साहेबांनी जबाब अर्धा सोडला, वैद्यकीय तपासणीचं पत्र दिलं आणि आम्हाला जीपनं लातूरला धाडलं.

स्कॅनमध्ये कवटीच्या तळाचं हाड तडकलेलं दिसलं. "आतलं रक्त उतरून डोळ्यांभोवती येतं, तेही उशिरानं," डॉक्टर म्हणाले. "नाकातलं पाणी सर्दीचं नाही, मेंदूभोवतीचं आहे."

"म्हंजी हिनं मारलं न्हाई?" जमादारांनी विचारलं.

"ते हाड सांगत नाही."

पुन्हा होतो तिथंच आलो. नर्स पोरीला सारखी उठवून नाव विचारायची, डोळ्यांत बॅटरी मारायची. आई पायथ्याशी बसून असायची. तिच्याकडं बघून मला कधी दया यायची, कधी संशय.

पुढं एका सकाळी पोर नीट जागी झाली. जमादारांची खाकी दिसताच ती आईला बिलगली.

"आई, आता न्हाई घसरत जिन्याच्या कठड्यावरून. पोलिसाला नको देऊ."

जमादार हसले. "आम्ही तर तुझ्या आईलाच नेत होतो की."

शेजारणीनंही मग कबूल केलं. तिनं पडल्याचा आवाज ऐकला होता, पाहिलं काहीच नव्हतं.

आईला काजळ वाटलं, साहेबांना मार दिसला. खालचं जांभळं दोन्ही नव्हतं. आता गल्लीतलं पोर डोक्यावर पडलं, की कुणी पाडलं हे मी आधी विचारत नाही. उलटी झाली का, हाक मारल्यावर ओळखतं का, ते बघते आणि दवाखान्यात धाडते.

दवाखान्यातून सुटून घरी जाताना त्या पोरीनं काजळ मागितलं होतं. आईनं डबी उघडली आणि मिटली.

"आता न्हाई घालायचं, राणी. काळं पुन्हा उतरलं, तर मला कळायचं कसं?"